तुम्ही कुणाचं करता?

त्या माणसाच्या दोन्ही हातांत डबे होते. एका हातात स्टीलचा, दुसऱ्या हातात श्रीखंडाचा जुना प्लास्टिकचा डबा, झाकणाला रबर लावलेलं. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर दर गुरुवारी संध्याकाळी पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटतात, त्या रांगेत तो पाचवा की सहावा होता. मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, हातात डाव घेऊन उभी. तिथे मी पहिल्यांदाच गेले होते. पातेल्यावरचं झाकण निघालं, वाफेबरोबर जिऱ्याचा आणि हिंगाचा वास आला, आणि रांग पावलं न उचलताच जराशी पुढे कलली. मी डाव भरला. तेवढ्यात मंडळातले एक काका म्हणाले, "थांबा ताई, आधी प्रार्थना." सगळ्यांनी हात जोडले. वाढणाऱ्यांनी जोडले, रांगेतल्यांनीही जोडले. त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं. काका त्याला अगदी हळू आवाजात म्हणाले, "दादा, हात जोडा." पाऊस नुकताच थांबला होता, खाली राड होती. त्याने वाकून एक डबा ठेवला, मग दुसरा ठेवला, पाकीट दोन गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरलं आणि हात जोडले. मी जोडले नाहीत. ओठही हलवले नाहीत. हातात डाव होता, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नसावं. दीड-दोन मिनिटांची प्रार्थना, मग जयजयकार, मग वाढायला सुरुवात. त्याची पाळी आली तेव्हा त्याने डब्याचं बूड शर्टाला पुसलं आणि डबा माझ्यापुढे धरला.

रिक्षातून घरी येताना मला बरं वाटत होतं. ज्यावर माझा विश्वास नाही ते मी म्हटलं नाही, आणि खिचडी मात्र सगळ्यांना वाढली. रात्री दिवा मालवल्यावर तो पुसलेला डबा डोळ्यांसमोर आला आणि तेव्हा कळलं की मी एकदा नाही, दोनदा गप्प बसले होते. प्रार्थना म्हटली नाही, हे एक गप्प बसणं. आणि "काका, त्यांचे हात मोकळे नाहीत, राहू द्या," एवढंसं वाक्य म्हटलं नाही, हे दुसरं. पहिल्या गप्प बसण्याकडे माझं इतकं लक्ष होतं की दुसरं माझ्या हातून घडतंय हे मला कळलंच नाही.

काकांना दोष द्यायला मन घेत नाही.

ती माणसं तिथे कित्येक वर्षं येतायत. दुपारपासून कांदे चिरायचे, पातेलं टेम्पोत चढवायचं, वाढून झाल्यावर फुटपाथ झाडून घ्यायचा, आणि हे सगळं एकही गुरुवार न चुकवता. मी तर एक दिवसाची पाहुणी. शिवाय त्या माणसाला वाढून झालं आणि तो फाटकाकडे निघाला, तेव्हा हेच काका त्याच्यामागे धावत गेले आणि त्याच्या शर्टाच्या खिशात दोन केळी कोंबून आले, कारण त्याचे हात भरलेले होते. म्हणजे हात भरलेले आहेत हे त्यांनाही दिसत होतं. मग तेच आधी का दिसलं नाही, हा प्रश्न मी दोन दिवस मनात त्यांना विचारत होते. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडेच वळला, कारण मला ते आधीही दिसलं होतं आणि नंतरही.

त्याच संध्याकाळी, प्रार्थनेच्या आधी, आम्ही दोघीतिघी कागदी द्रोण सुटे करत बसलो होतो. एकमेकांना घट्ट चिकटलेले द्रोण. माझ्या शेजारच्या बाईने सहज विचारलं, "तुम्ही कुणाचं करता?" मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. ती म्हणाली, "आम्ही स्वामींचं करतो. तुम्ही?" मी म्हटलं, "कुणाचंच नाही हो. मी देव मानत नाही." तिला राग आला नाही. तिने हातातला द्रोण खाली ठेवला आणि मनापासून नवल वाटून विचारलं, "मग इथे कशा आलात?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर देता आलं नाही. "असंच, वेळ होता म्हणून," असं काहीतरी मी बोलले, जे खरं नव्हतं.

नंतर त्या क्रियापदाने माझा पिच्छा पुरवला. कुणाचं करणं. कुणी दत्ताचं करतं, कुणी साईबाबांचं करतं, कुणाच्या घरी देवीचं असतं. पण हेच क्रियापद आपण आणखी एका ठिकाणी वापरतो. "सासूबाईंचं कोण करतं?" म्हणजे त्यांना न्हाऊमाखू कोण घालतं, औषधं कोण देतं, रात्री कोण उठतं. माझ्या आईचं शेवटची दोन वर्षं मी केलं. तिच्या खोलीतला तो वास, डेटॉलचा, पावडरीचा आणि बंद खिडकीचा, अजून एखाद्या दवाखान्याच्या जिन्यात अचानक भेटतो आणि मी कठडा धरून उभी राहते. आई गेल्यावर पहाटे साडेपाचला जाग यायची आणि हात काहीतरी शोधायचे. कुणाचं तरी करायची सवय लागली होती हातांना. द्रोण सुटे करणाऱ्या त्या बाईला मी हे सांगायला हवं होतं. मी आले कारण माझ्याकडे करायला कुणी उरलं नव्हतं. तिला हे पटकन समजलं असतं.

देव न मानणं मला बाबांकडून मिळालं, पण त्यांच्याकडून ते मिळालं तेव्हा त्याला जोडून आणखी एक गोष्ट होती. माझी आजी फलटणची. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद सोडते, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, तरडगावचा मुक्काम होतो आणि मग पालखी फलटणला येते. आजीच्या घरात त्या रात्री पाऊल ठेवायला जागा नसायची. ओसरीवर, पडवीत, गोठ्याच्या वळचणीला वारकरी. ओल्या धोतरांचा, बुक्क्याचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास असायचा. पिठल्याचं पातेलं उतरलं की दुसरं चढायचं. आजी आणि माझ्या काकू भाकऱ्या थापत, आणि बाबा परसात घंगाळात पाणी तापवून त्यात मूठभर मीठ टाकत. एकेका म्हाताऱ्या वारकऱ्याला दगडावर बसवून ते त्याचे पाय शेकून देत, भेगांत तेल जिरवत, पोटऱ्या चेपत. ते हरिपाठाला आत येत नसत. देवघरासमोर कधी वाकले नाहीत. पण वारकऱ्यांत रीत अशी की ज्याने तुमच्यासाठी काही केलं त्याच्या तुम्ही पाया पडायचं, मग तो लहान असो की मोठा. सत्तरीतला माणूस बाबांच्या पाया पडायला वाकायचा आणि बाबा कावरेबावरे होऊन त्याला वरच्यावर धरायचे. आजी शेजारणीला म्हणायची, "पाया पड म्हटलं तर पडत नाही, आणि पाय चेप म्हणून सांगावं लागत नाही." ती तक्रार होती की कौतुक, हे मला तेव्हा कळायचं नाही. आता वाटतं, तिलाही ते ठरवता येत नसावं.

मी मात्र तेव्हा दाराच्या चौकटीत बसायचे. आत टाळ वाजायचे, बाहेर घंगाळातल्या पाण्याचा आवाज. मला दोन्हीकडे जायचं असायचं.

याच आजीने मला गाडगेबाबा सांगितले. दर वारीला पंढरपुरात येत, वाळवंट झाडत, रात्री कीर्तनातून लोकांना फैलावर घेत, पण देवळात दर्शनाला जात नसत, असं ती सांगायची. पाया पडायला कुणी आलं तर त्याला चुकवत. माझ्या लहानपणी त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, १९५६च्या डिसेंबरात ते गेले, पण आजी असं बोलायची जणू कालच अंगण झाडून गेलेत. पुढे माझ्या मावसभावाला कॅन्सर झाला तेव्हा वहिनी दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत राहिली होती. नावात धर्म, पण तिला तिथे कुणी हात जोडायला लावले नाहीत. एक गादी दिली, भांडी घासायचा नळ दाखवला. ती आजही त्या नळाबद्दल बोलते, कारण रात्री अकरा वाजता एकटीने तिथे उभं राहून रडता यायचं.

बाबांकडे स्वतःचं असं एक ठिकाण होतं, हे मला फार उशिरा उमगलं. ते राष्ट्र सेवा दलाचे. १९४१ साली सुरू झालेल्या त्या संघटनेची शाखा त्यांच्या तरुणपणी संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर भरायची. खेळ, गाणी, चर्चा, आणि मग गावात जे काही काम निघेल ते. १९७२च्या दुष्काळात ते माण तालुक्यात शाळामास्तर होते आणि मी दोन वर्षांची. दुष्काळी कामांवर बायाबापड्या खडी फोडायच्या, आणि शाळा सुटली की बाबा आणि त्यांचे दोस्त कामावर जायचे. हजेरीपटावर आपले दिवस बरोबर मांडलेत का, हे वाचता न येणाऱ्यांना वाचून सांगायचं. सुकडी, म्हणजे दुष्काळातलं पौष्टिक पिठाचं खाणं, वाटायला मदत करायची. तांबड्या मायलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची चव बाबांना मरेपर्यंत आठवायची, ती घशात कशी अडकते ते सांगताना ते खरंच आवंढा गिळायचे. त्या कामाच्या सुरुवातीला आरती नव्हती की शेवटी प्रसाद नव्हता. अंगावरची खडीची धूळ झटकून माणसं घरी यायची. पण ती एकटीदुकटी नसायची. उद्या तू आला नाहीस तर कुणीतरी विचारणार होतं, "काल कुठं होतास रे?"

मला नेमकं हेच कुठे मिळेल ते कळत नव्हतं. आई गेल्यानंतरच्या वर्षात मी पुण्यात ते शोधत होते. आठवड्याचे तीन-चार तास, घरापासून बसने जाता येईल एवढ्या अंतरावर, अंगमेहनतीचं असलं तरी चालेल. ज्याला विचारावं तो अगदी आपुलकीने पत्ता द्यायचा, आणि तो पत्ता एखाद्या मठाचा, सत्संगाचा, अन्नछत्राचा निघायचा. सोसायटीतल्या बायकांनी भजनी मंडळाबरोबर वृद्धाश्रमात यायला सांगितलं. आमच्याकडे कामाला येणारी बाई दासबोधाच्या निरूपणाच्या बैठकीला जाते. रविवारी ती आणि तिच्याबरोबरच्या शेकडो बायका हातमोजे घालून रस्ते झाडतात, कुणाचा फोटो नाही, भाषण नाही. ती म्हणाली, "या ना ताई, आधी बैठकीला बसावं लागेल एवढंच." त्या एवढंच-पाशी मी थांबले. तिच्या शिस्तीबद्दल मला जो आदर वाटतो तो मी लपवत नाही, पण बैठकीला मांडी घालून बसायचं आणि मनात दुसरंच असायचं, हे तिच्याशीच खोटं वागणं झालं असतं.

बाकीची दारं वेगळ्या कारणांनी बंद झाली. रक्तपेढीत गेले. तिथे तर काहीच मानावं लागत नाही, नुसतं असावं लागतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे देणारे सतत लागतात, हे कळल्यावर वाटलं की आपलं काम मिळालं. बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन ११ निघालं. किमान १२.५ लागतं. तिथल्या मुलीने लिंबू-सरबत आणि पालकाचा सल्ला दिला. टेकडीवर रोपांना पाणी घालणाऱ्यांबरोबर एक उन्हाळा गेले, पाच लिटरचे कॅन घेऊन, पण गुडघ्याने दुसऱ्याच महिन्यात नकार दिला. त्याच्याही आधी, २०१८च्या १ मे रोजी, पाणी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला शहरातून जी माणसं गेली त्यांत मीही होते, बाबांच्या माण तालुक्यातल्याच एका गावी. पहाटेच्या अंधारात टिकाव-घमेली घेऊन शेकडो माणसं माळावर. कामाला हात लावण्याआधी सरपंचांनी टिकावाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खोबऱ्याचा तुकडा मीही खाल्ला. घमेल्यांची साखळी सुरू झाली की शेजारचा माणूस कोण, काय मानतो, हे विचारायला दमच उरत नाही. पण ते एका दिवसाचं होतं. संध्याकाळी एसटीत बसले, तळहातावरचे फोड मोजले, आणि २ मे उजाडला तो आदल्या महिन्यासारखाच.

या सगळ्यात हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. श्रद्धाळू माणसाकडे वार असतो. गुरुवार असतो, एकादशी असते, पौर्णिमा असते. मन लागो न लागो, गुरुवार उजाडतोच, आणि कांदे चिरायला बसावंच लागतं. माझ्याकडे विचार होते, वाचलेलं होतं, चांगलं काय याबद्दलची मतं होती. वार नव्हता. एखाद्या मंगळवारी मन भरून यायचं तेव्हा कुठलंच दार उघडं नसायचं, आणि रविवारी कुणी बोलावलं तर अंग जड असायचं. बाबांच्या पिढीतल्या देव न मानणाऱ्यांनी स्वतःसाठी वेळ बांधून घेतली होती, मैदान ठरवलं होतं. अशी माणसं आजही आहेत, पण माझ्या बसच्या टप्प्यात मला ती सापडेनात.

सापडली ती एकदा, गणपतीत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते विसर्जनाच्या दिवसांत घाटावर उभे राहून लोकांना मूर्ती दान करायची विनंती करतात, निर्माल्य वेगळं गोळा करतात. एका वर्षी पाचव्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मुठेच्या काठी उभी होते. पायाखाली फुलांचा चिखल, हवेत कापूर, लांबून ढोल. माझं काम म्हणजे दिलेली मूर्ती दोन्ही हातांनी घेऊन मागच्या टेबलावर नीट ठेवायची. सोपं वाटतं. पण समोरचा माणूस जेव्हा शेवटची आरती करून, मूर्तीच्या हातावर दही ठेवून, डोळे पुसत ती तुमच्या हातात देतो, तेव्हा ती मातीची आहे हे माहीत असूनही हात कापतात. एक सात-आठ वर्षांची मुलगी आली. तिने मूर्ती दिली, पण बोटं सोडेना. म्हणाली, "काकू, तुम्ही त्याला पुढच्या वर्षी लवकर ये म्हणा, मग देते." मी तिच्या आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि म्हटलं. तिच्याबरोबर, मोठ्याने म्हटलं. तिने बोटं सोडली. माझ्याबरोबरच्या कार्यकर्त्याने ऐकलं आणि तो काही बोलला नाही, फक्त पुढची मूर्ती घ्यायला हात पुढे केले. त्याच्या वागण्यात एक मऊपणा होता, आणि तो त्याला कुठून आला असेल हे मला ठाऊक होतं.

तिथून ओंकारेश्वराजवळचा पूल फार लांब नाही. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी याच समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले होते, त्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. शिंदे प्रार्थना समाजाचे धर्मप्रचारक, देवावर गाढ श्रद्धा असलेले, आणि त्या श्रद्धेनेच १९०६ साली अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढणारे. दाभोलकर देव न मानणारे, साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीपटू, लोकांच्या श्रद्धेबद्दल बोलताना कधी तोल न सोडणारे. मी त्या पुलावरून जाते तेव्हा ही दोन नावं एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. एकाने देव मानून माणसांचं केलं, दुसऱ्याने न मानता केलं. आणि दोघांनाही आपापल्या माणसांनी "तुम्ही नक्की कुणाचे?" असं विचारून कधी ना कधी दमवलं असेल, असं मला उगाच वाटतं.

माझा वार मला एका झेरॉक्सच्या दुकानात मिळाला. काउंटरच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता. अंध विद्यार्थिनींना पुस्तकं वाचून दाखवायला वाचक हवेत, मराठी स्पष्ट वाचता यावं. एवढीच अट. मी तो कागद दोनदा वाचला, कारण आणखी काहीतरी असेल असं वाटत होतं. मुलींच्या वसतिगृहात गेले तर तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "बुधवारी जमेल का? बुधवारी कुणीच नाही." मी हो म्हटलं. पेपर लिहायलाही येईन, असंही म्हटलं, तेव्हा कळलं की ते इतकं सरळ नसतं. लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी हवं, अशी तेव्हा साधारण रीत होती. दहावीचा पेपर नववीतल्या मुलाने लिहायचा. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो, आणि लेखनिक आयत्या वेळी आला नाही तर वर्ष जातं. माझं शिक्षण बहुतेक मुलींसाठी जास्त होतं. पण वाचायला तशी काही अडचण नव्हती. फोन मराठी बोलतो, तरी वाचक लागतात, कारण जुन्या पुस्तकांची पानं नुसती फोटो काढून पाठवलेली असतात. त्यातली अक्षरं फोनला पुष्कळदा नीट ओळखता येत नाहीत, त्याच्या लेखी ते चित्र असतं. कुणाच्या तरी हस्ताक्षरातल्या नोट्सची झेरॉक्स तर माणसानेच वाचावी लागते.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी एम.ए. मराठीची, परभणीकडची. पहिल्या दिवशी मी भावपूर्ण वाचायला लागले तर तिने थांबवलं. "मॅडम, सरळ वाचा. मी रेकॉर्ड करून नंतर दुप्पट वेगाने ऐकते, भाव पळतो." खोलीत ट्यूबलाइट बंद असायची, त्यांना ती लावायचं कारणच नसायचं. मी खिडकीशी बसायचे. भिंतीला टेकून ठेवलेल्या काठ्या, दोरीवर वाळणाऱ्या ओढण्या, स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास. दोन तास वाचलं की घसा कोरडा पडतो आणि कानात आपलाच आवाज घुमत राहतो. एका बुधवारी बस बंद होत्या म्हणून मी गेले नाही. पुढच्या वेळी दारातूनच तिचा आवाज आला, "मागच्या बुधवारी कुठे होतात?" मला काय वाटलं ते तिला कळलं नसेल. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

सेमिस्टरच्या शेवटी संतसाहित्याचा पेपर आला. अभंगांचा गठ्ठा. आता प्रत्येक ओळीत विठ्ठल, प्रत्येक ओळीत नाम. सरळ, भाव न आणता, मी वाचू लागले. चार अभंग झाले तशी ती म्हणाली, "मॅडम, हे असं नाही पाठ होत. चाल येते का तुम्हाला?" मी म्हटलं, येते. येणारच होती. ती चाल फलटणच्या ओसरीवरची, आजीची, चौकटीत बसून ऐकलेली. मी अंधाऱ्या खोलीत, पन्नाशी उलटलेल्या आवाजात ती लावली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला सापडला. शेजारच्या कॉटवरच्या मुलीने मांडीवर ठेका धरला. मी देव मानत नाही हे त्या तासात जराही बदललं नाही, आणि ते शब्द माझ्या तोंडात परकेही वाटले नाहीत. ती मुलगी शब्दाशब्दाला अडवत होती, "याचा अर्थ?", "ती ओळ पुन्हा", आणि मी ती ओळ पुन्हा म्हणत होते. असं चार बुधवार.

पेपर झाल्यावर, मधल्या एका गुरुवारी, मी परत दवाखान्याच्या फाटकावर गेले. तेच टेबल, तेच पातेलं. द्रोणवाली बाई त्या दिवशी नव्हती. झाकण उचलायच्या आधी मी काकांजवळ गेले आणि म्हटलं, "काका, प्रार्थना चालू असताना, ज्यांचे हात मोकळे नाहीत त्यांना मी वाढायला लागू का? डबेवाले, लेकुरवाळ्या. मी तशीही प्रार्थना म्हणत नाही." काकांनी रांगेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. त्यांना ते आवडलं की नाही हे मला चेहऱ्यावरून कळलं नाही. मग ते म्हणाले, "वाढा की." आणि वळून त्यांनी हात जोडले.

तो एक्स-रेच्या पाकिटाचा माणूस आता कुठून असणार. मी रांगेत त्याला शोधलं तरीही. प्रार्थना सुरू झाली होती. तिसऱ्या नंबरवर एक बाई होती, कडेवर झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात पातेली. मी तिला खुणेने पुढे बोलावलं. ती आधी काकांकडे पाहत राहिली, मग दोन पावलं पुढे आली आणि पातेली माझ्यासमोर धरली. मी डाव भरला.